चिंचेखालची भट्टी

थेंबभरही दारू न पिता सारे आयुष्य दारूच्या दुकानांना वाहून टाकणारा माणूस भंडारा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या पदरात पडला.

आमच्याकडे मावशीच्या नवऱ्याला मोसाजी म्हणतात आणि देशी दारूच्या दुकानाला भट्टी. आमच्या घरात हे दोन शब्द बहुधा एकाच वाक्यात यायचे. मोसाजींचा विणकरांना सूत पुरवायचा धंदा. संध्याकाळी दुकानाला कुलूप लागले की अंघोळ करून, पांढरे धोतर नेसून, कपाळाला अष्टगंध लावून ते बाहेर पडत. नवख्याला वाटे, गृहस्थ कीर्तनाला निघाले. गृहस्थ भट्टीवर निघालेले असत. तिथे कोपऱ्यातल्या बाकावर त्यांची जागा ठरलेली. समोर पाण्याचा गिलास आणि उकडलेल्या चण्यांची प्लेट. पिणाऱ्यांच्या गप्पा ऐकायच्या, भांडणे सोडवायची आणि कुणी जुने काही विचारले की सांगायचे, एवढाच उद्योग. मावशी कपाळावर हात मारून म्हणायची, "लोकाइचे नवरे पिऊन येतेत, आमचे आयकून येतेत. पेलेला मानूस झोपून तरी जाते!"

शाळेत आम्हाला इतिहास राजांपासून शिकवत. मोसाजींचा इतिहास भट्ट्यांपासून सुरू व्हायचा. तळ्याच्या पाळीवरची भट्टी मास्तर लोकांची. तिथे मागच्या दाराने जायचे आणि हातात रॉकेलचा डबा ठेवायचा, म्हणजे वाटेत विद्यार्थी भेटला तर लाज राखता येते. विणकरांच्या भट्टीत कुणी चकार शब्द काढत नसे. पण सगळ्यांत थोर ती चिंचेखालची. ती आमच्या जन्माआधीच बंद पडली होती. पितळेची भांडी घडवणारे कारागीर तिथे बसत. दिवसभर हातोडे ऐकून त्यांचे कान बधिर झालेले, म्हणून सगळे ओरडून बोलत. परिणामी गावातले कुणाचेही गुपित तिथे संध्याकाळपर्यंतच टिकायचे. पुढे एका भट्टीवाल्याने बाकडी काढून खुर्च्या टाकल्या तेव्हा मोसाजी दोन दिवस जेवले नाहीत. "खुर्चीवर मानूस एकटा पेते," म्हणाले. "बाकड्यावर त्याले सरकून घ्या लागते."

या विद्येचा गावाला एक मोठा उपयोग होता. मुलीच्या बापांना. पवनी, साकोली, कोंढा, कुठून कुठून माणसे वांग्यांची नाहीतर सीताफळांची टोपली घेऊन येत आणि हळूच विचारत, पोरगा कसा आहे? मोसाजी दोन-चार दिवस डोळा ठेवून निकाल देत, आणि त्या निकालावर अपील नसे. कोंढ्याच्या एका सज्जन मास्तराबद्दल त्यांनी सांगितले, "पेत नाही. पन चने दुसऱ्याच्या प्लेटीतले खाते. देऊ नका." दुसऱ्या एकाबद्दल म्हणाले, "पेते थोडी. पन उठताना म्हाताऱ्या मानसाले हात देते. देऊन टाका." ती दोघे अजून सुखात नांदत आहेत. मास्तरांचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही.

ऐंशी सालाच्या आसपास माझीच पाळी आली. जवाहरनगरचे स्थळ. मुलगा कारखान्यात नोकरीला, सरकारी क्वार्टर, आई नाही, वडील एकोडीची शेती भावाकडे सोपवून मुलाजवळ राहायला आलेले. मला मुलगा आवडला होता, हे मी कुणाला सांगितले नव्हते. तशी पद्धत नव्हती. बाबांनी मोसाजींना कामाला लावले आणि मी तीन दिवस धड जेवले नाही.

चौथ्या दिवशी मोसाजी आले. "पोरगा रोज भट्टीवर येते," ते म्हणाले. मी हातातली कपबशी तशीच घेऊन आत वळले.

"बापाले न्याले येते," मोसाजी पुढे म्हणाले. "बाप बसने भंडाऱ्याले येते, पेते. ड्युटी सुटली का हा येते. चिडत नाही, ओढत नाही. बाजूले बसते. बाप एकोडीच्या धानाची एकच गोष्ट सांगते, आन हा रोज नवी असल्यासारखा आयकते. गोष्ट सरली का मंग म्हन्ते, चला बाबा."

बाबा उसळले. "साडभाऊ, बेवड्याच्या घरी पोरगी देऊ का मी?"

मोसाजी एरवी स्वतःबद्दल कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "माहा बाप बी पेत होता. लहानपनी साऱ्या भट्ट्या मी त्याले धुंडतच पाह्यलो. पन मी कवा बाजूले बसलो नाही. हात धरून ओढतच आनलो. तो काही सांगे, मी आयकत नव्हतो." मग बाबांकडे पाहून म्हणाले, "असा पोरगा सोडू नका."

बाबा कबूल झाले, पण एका अटीवर. व्याही मांडवात पिऊन आला तर लग्न तिथेच मोडायचे. मोसाजी म्हणाले, "माह्यावर सोडा."

लग्नाच्या दिवशी सकाळीच मोसाजी जानोशावर, वऱ्हाड उतरले होते तिथे, गेले आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना बाकावर शेजारी बसवून त्यांनी भंडाऱ्याच्या भट्ट्यांचा इतिहास काढला. बेत असा की तो संपेपर्यंत मुहूर्त लागेल आणि व्याह्याला उठताच येणार नाही. दुपारपर्यंत सारे सुरळीत चालले. मग मोसाजी चिंचेखालच्या भट्टीवर आले आणि सासरे म्हणाले, "चिंच कायची? कडुनिंब होता तो."

चाळीस वर्षांत मोसाजींची चूक काढणारा हा पहिला माणूस. मोसाजी लाल झाले. सासरेही मागे हटेनात. "मी तरनाताठा होतो तवा एकोडीवरून धानाच्या बंड्या आनत होतो. त्याच झाडाले बैल बांधलो. तुम्ही मले सांगता?" झाड केव्हाच तोडलेले, पण बुंधा अजून होता. झाले! पैज लागली आणि दोघे तरातरा निघाले.

इकडे मुहूर्ताला थोडाच वेळ उरला आणि वरबाप गायब. कुणीतरी खबर आणली की दोघेही जुन्या भट्टीकडे जाताना दिसले. बाबांनी डोक्यावरचा फेटा काढून ठेवला. मी आत पिवळ्या लुगड्यात बसून होते. त्या पाच मिनिटांत मला कसले भय वाटले ते आजही सांगवत नाही.

इतक्यात दोघे भांडत भांडत मांडवात शिरले. बाबा पुढे झाले आणि भर मांडवात त्यांनी व्याह्याच्या तोंडाचा वास घेतला. कडुनिंब! बुंध्याला फुटलेला पाला तोडून, पैज जिंकली म्हणून सासऱ्यांनी तिथल्या तिथे मूठभर चावून दाखवला होता. त्यांचे तोंड इतके वाकडे झाले होते की अक्षता टाकेपर्यंत सरळ झाले नाही. लग्न लागले.

सासरे पुढेही पीत राहिले, आणि माझे यजमान रोज धानाची गोष्ट ऐकून त्यांना घरी आणत राहिले. मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मोसाजी बाबांना कसलीशी आठवण सांगत होते. चिंचेखालची. मला हसू आले. "मोसाजी, आता तरी कडुनिंबाखालची म्हणा!"

बाबा उठून आत गेले तेव्हा मोसाजी हळूच म्हणाले, "मले पहिलेपासून ठाऊक हाये, बाई. दरसाली कडुनिंबच फुटते त्या बुंध्याले, मी का आंधळा हाव? पन झाड तुटल्यावर एकदा मी म्हाताऱ्या बापाले वढून नेऊन राहिलो होतो, तवा तो त्या बुंध्यापाशी थांबला आन म्हने, पोरा, इथं चिंच होती. त्याचं आयकलेलं माह्यापाशी तेवढंच हाये."

मी पुन्हा त्यांच्यासमोर कडुनिंबाचे नाव काढले नाही.