माँट्रियलची हाया कोण?

कुणाच्या शब्दावर पटकन विश्वास ठेवणं मला जमत नाही. हॉटेलचे फोटो बघतानाही कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला काय असेल, हेच मी शोधत असते. म्हणूनच की काय, स्कारबरोच्या एझ्राकाकांनी माँट्रियलला न्यायला मलाच गाठलं.

काका मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी ज्यू. आमच्या मराठी मंडळात सगळ्यात चांगलं मराठी तेच बोलतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील रूबेन गेले. कपाट आवरताना काकांना एक फोटो सापडला. फोटोत थडग्याचा दगड, त्यावर हिब्रूत 'हाया, रूबेनची मुलगी', आणि मागे पेनाने 'माँट्रियल' लिहिलेलं. काका एकुलते एक, जन्म मुंबईचा. त्याआधी आईवडील काही वर्षं माँट्रियलला होते एवढंच त्यांना ठाऊक. आई तर कधीच गेलेली. ज्यूंच्या थडग्यावर बापाचंच नाव घालायची पद्धत, मग या हायाची आई कोण?

"म्हाताऱ्याने तिथे दुसरा संसार मांडला होता, पोरी," काका म्हणाले. त्यांनी वडिलांची तसबीर भिंतीवरून काढून ठेवली होती. माझा नवरा निलेश म्हणाला, "शंभर टक्के बाईची भानगड." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

शुक्रवारी सुट्टी घ्यायची नसेल तर हा बेत करू नका, कारण शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी त्यांचं जुन्या नोंदींचं दफ्तर बंद असतं. मी गुरुवारी सकाळी मिल्टनहून गाडी घेऊन निघाले, वाटेत काकांना घेतलं. फोर-ओ-वन हायवेवर ट्रकांची रांग, किंग्स्टनला जेवण. काकांनी पुटीनची प्लेट परत पाठवली. बटाट्यावर चीज आणि त्यावर मांसाचा रस्सा, दूध आणि मांस त्यांना एकत्र चालत नाही. मी शाकाहारी, त्यामुळे शाकाहारी सॉसबद्दल मी तीनदा खात्री करून घेतली. वेटर वैतागला. माँट्रियलमध्ये पार्किंगची पाटी वाचायला वकील लागतो, तेव्हा जास्त पैसे मोजून गॅरेजमध्ये गाडी लावा.

शुक्रवारी सकाळी दफ्तरात गेलो. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या बेसमेंटमधली खोली, जन्म-लग्न-मृत्यूच्या जाडजूड नोंदवह्या. आधी ईमेलने वेळ घ्यावी लागते आणि नात्याचा पुरावा न्यावा लागतो. मिरियम नावाच्या आजीबाई होत्या. त्यांनी पासपोर्ट उलटसुलट बघितला, मग काकांकडे.

"इंडियन आणि ज्यूइश?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"आमच्याकडे आम्हाला शनिवार तेली म्हणायचे," काका ताठ बसून म्हणाले. "शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून."

आजीबाईंचा चेहरा काही सैल पडला नाही. त्या काहीतरी दडवतायत, असं मला वाटू लागलं.

मृत्यूच्या वहीत हाया मिळाली, वय दीड वर्ष. जन्माच्या वहीत मात्र त्या नावाची मुलगीच नव्हती. काकांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर कुठेतरी जन्मलेलं, लपवलेलं मूल. मला काकांची कीव आली आणि त्या मेलेल्या माणसाचा भयंकर राग आला.

"त्याच सालात रूबेनची एक मुलगी आहे," आजीबाई म्हणाल्या. "सारा. आईचं नाव रिबेका."

रिबेका म्हणजे काकांची आई.

"मला बहीण नाही," काका म्हणाले.

"या साराचं पुढे लग्नही नाही आणि मृत्यूही नाही." आजीबाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. "दोघींच्या वयाचा हिशेब एकच येतो. मूल फार आजारी होतं का?"

काकांनी कपाळावर हात मारला. "नाव बदललं!" ते माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागले. "आमच्यात आजारी मूल हातचं जायला लागलं की त्याचं नाव बदलतात गं. मृत्यूचा दूत साराला न्यायला आला तर सांगायचं, इथे सारा नाही, ही हाया आहे. हाया म्हणजे जिवंत. माझ्या मावशीचंही असंच बदललं होतं. मला हे ठाऊक होतं, पोरी, तरी मला बाईच दिसली."

दुपारी दफनभूमीत लहान मुलांच्या रांगेत तो दगड सापडला. काकांनी त्यांच्या रीतीप्रमाणे त्यावर खडा ठेवला आणि बराच वेळ प्रार्थना पुटपुटत राहिले. मी लांब उभी राहून रडले. ज्याला मी कधी बघितलंही नाही, त्या माणसाला मी किती सहज बदनाम केलं होतं.

रविवारी परतताना काका गाडीत एकदाच बोलले. "दोन वर्षं मी त्याला लबाड म्हणालो. तो लबाडी करत होता खरी, पण पोरगी वाचावी म्हणून."

घरी आले तर निलेश सोफ्यावर.

"सापडली का ती बाई?"

"बाई नव्हती रे. दीड वर्षाची पोर होती."

"म्हणजे मूलही होतं! आणि आई कोण?"

"काकांचीच," मी म्हटलं.