पत्त्यातून गाळलेला शब्द

माझ्या भावाच्या कार्डावर माझ्या नावाखाली इंग्रजीत ‘केअर ऑफ’ लिहून पुढे मास्तरांचं नाव असे. काशीत दुर्गाघाटावरच्या ज्या मराठी घरात मी स्वयंपाकाला होते, त्या घरचे हे मास्तर. शाळेत इंग्रजी शिकवत. लग्न ठरलं म्हणून माझी शाळा तिसरीतच सुटली होती, आणि नवरा गेल्यावर विसाव्या वर्षी मी साताऱ्याकडून इतक्या लांब आले. या घरानं मला आसरा दिला. आपलं ओझं यांना जड होईल, एक दिवस जा म्हणतील, ही धास्ती मात्र मनातून जात नसे.

एकदा मी मास्तरांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. असं कुणी विचारलं की ताटातला भात निवला तरी त्यांना चालायचं. जाडजूड कोश काढून त्यांनी सांगितलं, केअर म्हणजे काळजी, सांभाळ. तुझं पत्र माझ्या सांभाळात, एवढंच. मग बोट खाली फिरवत ते मुळाशी गेले. लॅटिनमध्ये असाच दिसणारा एक शब्द आहे, पण हा त्याचा कुणी नव्हे. इंग्रजांच्या जुन्या बोलीत याचा अर्थ दुःख, आणि त्यांच्या जर्मन भाऊबंदांच्या जुन्या भाषेत तर मेलेल्यासाठी केलेला आक्रोश. सांभाळ हा अर्थ मागाहूनचा.

“जेवायच्या वेळेला पोरीला कुठलं मढं दाखवताय?” मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, आतून म्हणाल्या.

मास्तर हसले. मला हसू येईना. तिकडे आई खोकल्यानं अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्या खुशालीच्या दर कार्डावर हा शब्द. शिवाय माझं ओझं मास्तरांच्या नावावर. मी भावाला कळवलं, यापुढे तो शब्द नको, मास्तरांचं नावही नको, माझं नाव आणि दुर्गाघाट पुरे. घरात कुणाला बोलले नाही.

त्यानंतर पत्रंच येईनात. महिना गेला, दीड गेला. डाकिया गल्लीत शिरला की मी पोळी तव्यावर सोडून दारात. शेवटी मास्तरांनीच विचारलं, तेव्हा चाचरत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत.

“अगं, या गल्ल्यांत तुला नावानं कोण ओळखतं? मास्तरांकडची बाई, एवढंच लोकांना ठाऊक.”

रोज शाळेतून आले की ते दारोदार चौकशी करत फिरू लागले. रविवारी सकाळी शिंदे घाटाजवळ माझ्याच नावाच्या एका म्हातारीच्या कोनाड्यात दोन कार्डं सापडली. तिला वाचता येत नव्हतं. कुणी मागायला येईल म्हणून तिनं ती जपून ठेवली होती. पहिल्यात भावानं लिहिलं होतं, आई वाट बघते, लगेच नीघ. दुसरं तिच्या जाण्याचं, वीस दिवसांपूर्वीचं. ते मास्तरांनी मला दाराबाहेर बोलावून वाचून दाखवलं.

मला आधी भलतंच सुचलं. आईचं सुतक अंगावर असताना मी इथे रांधत होते, देवाचा नैवेद्यसुद्धा माझ्याच हातचा. मी काकूंना म्हटलं, तुमचं घर बाटवलं मी, मला काढून टाका.

“जे कळलंच नाही त्याचं सुतक कसलं? आता कळलंय, आता तीन दिवस धर. ऊठ.”

त्याच मला घाटावर घेऊन गेल्या. गळ्याएवढ्या पाण्यात गेल्यावर मी मोठ्यानं रडले. काशीला आल्यापासून पहिल्यांदाच. कोरडं लुगडं घेऊन काकू पायरीवर उभ्या होत्या. घरी चूल गार आहे, मास्तर उपाशी असतील, हे ध्यानात येऊन मी घाईनं बाहेर पडू लागले.

“चूल मी बघते,” काकू म्हणाल्या. “तू पुरतं रडून घे.”