तेरियोची मरणं

मनिलाच्या मारधाडीच्या सिनेमांत तेरियो पान्गानिबान जितक्या वेळा मेला, तितक्या वेळा माणूस आजारीही पडत नाही. नायकाने बंदूक रोखली की पहिला आडवा होणार तो तेरियो. आपलं थोबाडच असं आहे की बघणाऱ्याला वाटतं, हा मेलेलाच बरा, असं तो स्वतःच सांगत फिरे. एकाच सिनेमात त्याला दोनदा मरायला लावत, एकदा मिशा लावून आणि एकदा मिशांविना. श्रेयनामावलीत नाव मात्र एकदाही आलं नाही.

लुसेनाला राहणारी त्याची आई, नानाय सिद्रा, हा विषयही काढू देत नसे. मेल्याचं सोंग करणाऱ्याला मरण ओळखून ठेवतं, असं तिचं म्हणणं. पोटच्या पोराला मरताना बघायला मी थिएटरची पायरी चढणार नाही, असं तिने बजावलं होतं. तेरियो ते हसण्यावारी नेई. पण शवपेटीत पडायचा सीन झाला की तोही सगळ्या युनिटसारखा वाटेत कुठेतरी कॉफीला टेकूनच घरी जाई. मयताहून थेट घर गाठलं तर मरण मागोमाग उंबरा ओलांडतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

नानायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा तेरियोला एकच ध्यास लागला. तिने आपल्याला एकदा तरी पडद्यावर बघावं, आणि तेही जिवंत. तो दिग्दर्शकाच्या पाया पडला. शेवटच्या मारामारीत बंदूक टाकायची, हात वर करायचे आणि पोलीस येईपर्यंत उभं राहायचं, एवढं काम त्याने तेरियोला दिलं.

"नुसतं उभं राहायचंय. जमेल ना?" त्याने विचारलं.

"तेवढी अक्कल आहे मला," तेरियो म्हणाला. घरी त्याने आरशासमोर उभं राहण्याची तालीमही केली, आणि नानायला निरोप धाडला की यंदा तुझा लेक मरत नाही, नवा झगा काढून ठेव.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तेरियोची तर खोडच मरायची. त्याने बंदूक टाकली, हात वर केले. नायकाने मागच्या माणसावर गोळी झाडली आणि आवाजासरशी तेरियोचे गुडघे इमानाने वाकले. छाती धरून त्याने गिरकी घेतली, केळ्यांची गाडी उलथवली आणि जमिनीला पाठ लागल्यावर त्याला आठवलं की आज जगायचं होतं.

"दिरेक, परत घ्यायचं?" डोळे मिटूनच त्याने दिग्दर्शकाला विचारलं.

"फिल्म संपत आलीय. छान मेलायस. पडून राहा."

सिनेमा लागला त्या दिवशी खरं सांगून टाकायचं ठरवून तो लुसेनाला गेला, तर नानाय नवा झगा घालून दारातच बसलेली. त्याची जीभ रेटेना. थिएटरात, पडद्यावर त्याने हात वर केले तेव्हा तिने त्याचा दंड धरला. मग तो मेला, केळ्यांसकट. लोक हसले. तेरियोला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि या मरणाचा तर रोजगारही मिळणार नव्हता.

"नानाय, तुझ्या लेकाला धड उभंसुद्धा राहता येत नाही," बाहेर आल्यावर तो म्हणाला. डोळे भरून आले होते, ते त्याने लपवले नाहीत.

मनगट धरून तिने त्याला थिएटरमागे चोलेंग नावाच्या बाईच्या पानसितच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, टपरीवर नेलं. चोलेंगने न विचारताच शेवयांची बशी पुढ्यात ठेवली.

"आलिंग सिद्रा, आजही मेला का?" तिने नानायला अदबीने विचारलं.

"मेला. पण आज बिचाऱ्याने आधी हात वर केले होते."

चोलेंगने तेरियोला निरखून पाहिलं. "हाच का तो? चांगला जिवंत दिसतोय की. इतकी वर्षं तुझी आई प्रत्येक सिनेमाला एकटी येते. रडते, इथे बसून खाते आणि मगच घरी जाते."

तेरियोच्या हातातला काटा तसाच राहिला. नानायने बशी त्याच्याकडे सरकवली.

"सावकाश खा," ती म्हणाली. "मरणाला वाट बघून कंटाळू दे."