नावेवरचा सडा आणि मामाचा अंगठा

नागपूरच्या माणसाचा पाण्याशी संबंध कूलरमध्ये बादली ओतण्यापुरता. माझा रुपरावमामा मात्र नावेवर राहतो. उभा जन्म बसगाड्या दुरुस्त करण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर रामटेकजवळच्या तलावातली मोडीत निघालेली सहलीची नाव घेतली. तिच्यावर पत्र्याची खोली चढवली आणि गोपिकामामीसह संसार तिथे नेला. "जमिनीवर शेजारी लय झाले," एवढंच कारण त्याने दिलं.

मामीच्या हिशेबी नाव असली तरी घर ते घर. रोज सकाळी पुढच्या फळ्यांवर शेणपाण्याचा सडा, त्यावर रांगोळी. खोलीत देव, म्हणून चपला काठावर काढायच्या आणि पाय धुऊनच चढायचं. ओल्या फळीवर ओले पाय आणि मधे शेण. माणूस घसरणार नाही तर काय करणार?

मामा रोजच घसरायचा. एक दिवस मात्र दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर आपटून त्याच्या पायाचा अंगठा फुटला. त्याने हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि नावेच्या तळाशी साचलेलं घाण पाणी उपसायला त्याच पायाने उतरला. आपल्याला शुगर आहे, हे तो फक्त पेढे समोर आले की विसरतो असं मला वाटायचं. तेव्हाही विसरला. आठवडाभरात अंगठा वांग्यासारखा झाला.

मीच त्याला नागपूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पाय कोरडा ठेवा, अनवाणी एक पाऊल टाकू नका. नाहीतर अंगठा काढावा लागेल. जमत नसेल तर नाव सोडा."

मामा ऑटोत ढसाढसा रडला. "अंगठा गेला तरी चालते, वैभवी. नाव नाही सोडत मी." मला इतका राग आला की त्याला तिथेच उतरवणार होते. हट्ट करावा, पण स्वतःच्या अंगठ्याशी?

सक्करदऱ्याच्या बाजारातून मी त्याला खालून खरखरीत रबर असलेले बंद बूट घेऊन दिले. मामीने ते काठावरच अडवले.

"काहून वं मामी? डॉक्टरनं सांगितलं ना!"

"डॉक्टरच्या दवाखान्यात देव नसंल. माह्या घरी हाय."

मग मामा पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून फिरू लागला आणि दुप्पट घसरू लागला. एकदा तर खोलीतून निघाला तो थेट तलावात. वर काढला तेव्हा पिशवीत एक मासोळी होती. आम्ही हसलो, पण जखम पुन्हा चिघळली आणि मग मला हसू येईना.

दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले. अवजारांची पूजा मामाकडे कधी चुकत नाही. पाटावर वल्ही, नट-बोल्टचे पाने, हातोडी मांडली होती. हळदकुंकू वाहता वाहता मामीचा हात थांबला. दोन वल्ह्यांच्या मधे ते बूट होते, लख्ख पुसलेले, वर झेंडूचं फूल.

"अजी! देवापुढं जोडे?"

"जोडे कुठं वं? अवजार होय थे. वल्हं हाताचं, हे पायाचं."

मामीने बुटांवरचं फूल जरा बाजूला सारलं. मग तिने दोन्ही बुटांना कुंकू लावलं. मामा घाईघाईने ते चढवायला वाकला, तर ती ओरडली, "आज अवजाराले हात लावत नाहीत! उद्या घाला." आणि हळूच म्हणाली, "मलेबी एक जोड आना."

तिने लुगडं घोट्यापर्यंत वर केलं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होऊन कातडं सोललं होतं, टाचेला जुनी चीर, तिच्यावर चिंधी. इतके दिवस आम्ही सगळे मामाचा अंगठाच बघत होतो.

"मामी, बोलली काहून नाहीस?"

"सडा माह्या हातचा. मंग मीच घसरली, हे सांगू कोणाले?"

मामाने तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.