काळी पडली

तुर्भ्याच्या लॅबमध्ये मी मेणअळ्यांना यीस्ट टोचून आजारी पाडते, मग बुरशी मारणारं नवं पेप्टाइड देऊन बघते. औषध लागू पडलं तर अळी गोरीपान राहते, नाही तर काळी पडते. काळी पडली की चिमट्याने डिवचायचं. हलली नाही तर मेली, टाका कचऱ्यात. उंदरांसाठी निदान परवानगी काढावी लागते. अळीचं कोण विचारतंय?

एका रविवारी उलव्याच्या घरी सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "लग्नात कशी गोरी होती आमची सून. आता बघा, काळी पडली." सगळे हसले, नवरा सगळ्यात आधी. सासूबाईंनी मला कोपराने डिवचलं. "अगं, गंमत केली. हस की."

मी हलले नाही.