जोतीराम मैलकुली आणि नावाचा दगड

दोन हजार दहा साली दिल्लीहून एक कागद निघाला आणि आमच्या चार नंबरचा अठ्ठेचाळीस नंबर झाला. जुनी माणसं ज्याला नुसती सडक म्हणायची, ड्रायव्हर लोक पी. बी. रोड म्हणायचे आणि पाट्यांवर जो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार होता, त्याचं पुन्हा एकदा बारसं झालं. एवढ्या लांबलचक रस्त्याची ओळख बदलली, पण कुणाला नोटीस नाही, कुणाचा खुलासा नाही. बातमी वाचून मला आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. कारण याच रस्त्याच्या एका दगडावर एक नाव लिहिलं म्हणून जोतीरामनं पंचवीस वर्षं मेमो खाल्ले होते.

मी सिकंदर पेंटर, शिवाजी पेठेतला. दुकानांच्या पाट्या, तालमींचे बोर्ड, ट्रकच्या फाळक्यावरची पोराबाळांची नावं, मिळेल ते रंगवत आलो. माणसं नावासाठी किती जीव टाकतात हे माझ्याइतकं कुणी बघितलं नसेल. तरीही जोतीरामसारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

जोतीराम मैलकुली होता. पूर्वी रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक माणूस नेमलेला असे. खड्डे भरायचे, गटारं मोकळी करायची, झाडांच्या बुंध्यांना चुना लावायचा, दगड रंगवायचे. मैलाचे किलोमीटर झाले तरी हुद्दा मैलकुलीच राहिला. जोतीरामचा तुकडा गोकुळ शिरगाव आणि कागलच्या मधला, आणि त्याचा त्याला भलता ताठा होता. राज्य महामार्गाच्या दगडाचं डोकं हिरवं असतं, राष्ट्रीय महामार्गाचं पिवळं. हिरव्या डोक्याच्या रस्त्यावरचा मैलकुली भेटला, की हा त्याला आधी आपली पिवळी बोटं दाखवायचा.

त्याची वस्ती त्याच्याच तुकड्यावर, हायवेला लागून. गावाचं नाव सांगत नाही. गाव अजून तिथंच आहे आणि मला त्या रस्त्यानं जावं लागतं. वस्तीतली माणसं छप्पन सालानंतर बौद्ध झाली आणि त्यांनी बैठक घेऊन वस्तीचं नाव ठेवलं, सिद्धार्थनगर. गावानं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. गावाच्या तोंडी जुनंच राहिलं, जातीचं नाव आणि पुढं ‘वाडा’. ते मी इथं लिहिणार नाही. पेंटर आहे मी, काय लिहायचं नाही ते मला कळतं. एसटीचा कंडक्टर भर गाडीत तेच ओरडायचा. एकदा जोतीरामची थोरली लेक श्रुती कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर गाडीत होती. तो पुकारा ऐकून ती उठलीच नाही. पुढं कागलला उतरली आणि उन्हातून मागं चालत आली.

पण दगड रंगवण्याचं काम श्रुतीच्या कॉलेजच्या कितीतरी आधीपासून जोतीरामच्याच हातात होतं. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर. अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात त्यानं वस्तीच्या फाट्यावरच्या दगडाला चुना दिला, डोकं पिवळं केलं आणि पोटावर काळ्या रंगानं लिहिलं, सिद्धार्थनगर.

आठ दिवसांत मेमो आला. जोतीरामनं त्याच दिवशी चुन्याचा हात मारून नाव पुसलं, खुलाशात ‘नाव पुसले आहे’ असं लिहून खाली सही केली. दिवाळीनंतर पुन्हा रंगकाम निघालं, तेव्हा पुन्हा लिहिलं. साहेबाची नजर पडली की पुन्हा मेमो, पुन्हा चुना. साहेब बदलत गेले, जोतीराम बदलला नाही. एका साहेबानं त्याची पगारवाढ रोखली. दुसऱ्यानं त्याला दोन वर्षं राधानगरी रोडवर टाकलं, हिरव्या डोक्याच्या दगडांत. परत आल्यावर त्यानं पहिल्या मे महिन्यातच नाव लिहिलं. गावातली माणसं म्हणायची, “याला खाज हाय.” बायको अंजना म्हणायची, “अवो, जाळा की त्या चिठ्ठ्या एकदा. घरात कशाला साठवतासा?” तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मेमो ठेवायचा आणि झाकण लावायचा.

मग चौपदरीकरण आलं. दोन हजार तीन साल असेल. रस्ता बांधकाम खात्याकडून गेला, कंपनीकडं आला. झाडं गेली, जुने दगड जेसीबीनं उपटून खड्ड्यात टाकले. जोतीरामच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि त्याचा तुकडाच उरला नव्हता. नव्या दगडांवर अक्षरं घालायचं काम मला मिळालं. कंपनीच्या कॅम्पात शे-दीडशे दगड ओळीनं मांडलेले, हातात छापील यादी. कुठल्या दगडावर काय, सगळं ठरलेलं. पाचशे सत्त्याण्णवाव्या किलोमीटरपुढच्या फाट्याला यादीत तेच गावाच्या तोंडचं नाव होतं.

जोतीराम कॅम्पात आला तो सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

“सिकंदरभाई, हे नाव घालायचं न्हाय.”

“मामा, यादी माझी न्हाय. मी नुसता हात.”

“हातच तर पायजे मला. आजवर माझा हुता. आता तुमचा हाय.”

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली आणि ती रागासारखी बाहेर पडली. मी म्हणालो, “साहेबाशी बोला. माझ्या पोटावर पाय नगा आणू.” तो इंजिनिअरच्या खोलीत गेला. मी ब्रश ठेवून मागोमाग गेलो.

इंजिनिअर तरुण होता, लांबचा, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “काका, मला नावाशी काही देणंघेणं नाही. सिद्धार्थनगर असा एक तरी सरकारी कागद दाखवा. ग्रामपंचायतीचा ठराव आणा.”

ठराव! पंचायतीनं तो चाळीस वर्षांत केला नव्हता, दोन दिवसांत काय करणार होती. मुदत परवापर्यंतची होती. दगड एकदा रोवला, की पुढची पन्नास वर्षं तेच नाव, आणि ते पुसायला आता चुन्याची बादलीही जोतीरामच्या हातात राहणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना त्याच्या पुढं चालत कॅम्पात आली. तिच्या काखेत बिस्किटाचा डबा होता.

“सायेब, सरकारी कागद पायजे न्हवं? ह्ये घ्या. एकोणीस हायती.”

इंजिनिअरनं वरचा मेमो उघडला. मी त्याच्या खांद्यावरून वाचला. ‘किलोमीटर ५९७ च्या पुढील दगडावर आपण विनापरवाना सिद्धार्थनगर असे लिहिल्याचे निदर्शनास आले आहे. सदर नाव तात्काळ पुसून खुलासा सादर करावा.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. एकोणीस मेमो, सात साहेब, आणि प्रत्येकानं ते नाव आपल्या कागदावर नीट, शुद्ध लिहिलेलं.

“अहो, पण या तर शिक्षा आहेत,” इंजिनिअर म्हणाला.

“व्हय की,” जोतीराम म्हणाला. “सिद्धार्थनगरच्याच हायत. कुठं हाय, कितव्या किलोमीटरला हाय, सगळं तुमच्याच लोकांनी लिवलंय. आमी फक्त तितं ऱ्हातोय.”

इंजिनिअर हसला, मग हसू आवरून बराच वेळ कागद चाळत बसला. शेवटी म्हणाला, “एक करू. सिद्धार्थनगर लिहू आणि खाली कंसात जुनं नाव. म्हणजे गावही ओरडणार नाही.”

“कंसात बी नगं.”

“काका, थोडं तुम्ही ऐका, थोडं...”

“पंचवीस वर्सं ऐकलंय सायेब. पुसा म्हटलं, पुसलं. आता एक जरी अक्षर जादा घालायचं आसंल तर दगड कोरा ऱ्हाऊ दे. आमी कोऱ्या दगडापाशी ऱ्हाऊ.”

अंजना म्हणाली, “आन् कोरा ठेवायचा आसंल तर त्येचा बी मेमो द्या. डब्यात जागा हाय.”

इंजिनिअरनं यादी ओढली, त्या ओळीवर काट मारली आणि बाजूला नवं नाव लिहून सही केली. बाहेर आल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मी आयुष्यात कुणाला हात लावू दिला नव्हता तो माझा ब्रश जोतीरामपुढं धरला.

“मामा, तुमीच लिवा.”

त्यानं ब्रश घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागं नेले.

“न्हाय, सिकंदरभाई. मी लिवलेलं मलाच पुसाय लागतंय. ह्ये दुसऱ्यानं लिवलेलं बगायचंय मला.”

मग मी लिहिलं. चार बोटं उंच, जाड काळी अक्षरं, एकही ओघळ नाही. रंग वाळायला दुपार झाली. तोवर नवरा-बायको त्या दगडाच्या दोन बाजूंना बसून होते, आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला जोतीराम सांगत होता, “हात लावू नगा, वला हाय.”