सोमवारचा सायबर कॅफे

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, पुण्याच्या हॉस्टेलवर असताना, मला भिंतीपलीकडून आवाज येऊ लागले. ते माझ्याविषयीच बोलत. मी कुठे जाते, काय खाते, मला कधी धरायचं. माझे वडील, अण्णा, येऊन मला कोल्हापूरला घरी घेऊन गेले. दवाखाना झाला, गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत आवाज गेले. मग घरचे सगळे माझ्यावर लक्ष ठेवू लागले. मी कुठे जाते, काय खाते, किती झोपते. आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले तरी आई दारात यायची. "काय गं, काय हुतंय?" काही नाही म्हटलं की तिची काळजी वाढायची.

पाहुण्यांना मला कावीळ झाल्याचं सांगितलं होतं. पेठ वडगावची आत्या दर खेपेला माझे डोळे निरखायची आणि म्हणायची, "लईच लांबली की गं ही कावीळ."

हा दोन हजार चार-पाचच्या सुमाराचा काळ. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला इंटरनेटवरच्या एका गटाविषयी सांगितलं. या आजारातून उठणारी माझ्या वयाची मुलंमुली तिथे लिहायची, इंग्रजी अक्षरांत मराठी. मुंबईच्या एक समाजसेविका तो गट सांभाळायच्या. खरं नाव-गाव फक्त त्यांना ठाऊक; गटात ते लिहायचं नाही, एवढाच नियम. घरी मी कॉम्प्युटरची प्रॅक्टिस करायची आहे म्हणून सांगितलं.

अण्णा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर होते. त्यांची सुट्टी सोमवारी, म्हणून कॅफेत जायचं तेही सोमवारीच. तिथे प्लायवूडचे खुराड्यासारखे कप्पे होते, प्रत्येकाला पडदा. बाकीची मुलं आत शिरली की पडदा ओढून घ्यायची. माझा पडदा उघडा असायचा, कारण दाराजवळच्या बाकावरून मी अण्णांना दिसले पाहिजे. स्क्रीन मात्र त्यांना दिसत नव्हता. तेवढी एक जागा माझी होती.

गटात खेडेगावातला एक मुलगा होता. आजारात त्याला ट्रॅक्टरच्या आवाजात शब्द ऐकू यायचे. बरा होऊ लागल्यावर एकदा त्याने लिहिलं, 'आज दिवसभर ट्रॅक्टर नुसता ट्रॅक्टर होता. जरा कंटाळाच आला.' मी तोंड दाबून हसले. हे असं हसण्यासारखं आहे हे घरात कुणाला सांगणार?

एका सोमवारी त्याचा मजकूर वाचला. त्याने गोळ्या सोडल्या होत्या. डोकं अगदी स्वच्छ झालंय, लिहिलं होतं. ट्रॅक्टर काय सांगतोय ते आता नीट कळतंय, आज रात्री त्याच्या मागे निघायचं ठरलंय. ही निघायची घाई मला ठाऊक होती. समाजसेविकेला कळवायला म्हणून मी पान उघडलं आणि लाईट गेली. तेव्हा लोडशेडिंग चालू होतं. पंखे थांबले, पोरं शिट्ट्या मारत बाहेर पडली.

"चल घरला," अण्णा म्हणाले.

"नको अण्णा, दुसऱ्या कॅफेत जाऊया. आत्ताच जायला पाहिजे."

"का?"

मी सांगत गेले. एक मुलगा आहे. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. त्याच्याशी ट्रॅक्टर बोलतोय आणि त्याला वाचवायचंय. बोलता बोलताच मला ऐकू येत होतं की हे कसं वाटतंय. मी थांबले, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तर आणखीच वेडगळ वाटलं. आवाज चढला. माणसं वळून बघू लागली. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"गोळी घेतलीस न्हवं सकाळी?"

"घेतली! मी खरं सांगतेय, अण्णा."

"व्हय, व्हय. खरंच हाय." हॉस्टेलवरून आणताना ते याच समजुतीच्या सुरात बोलले होते.

तेव्हा मला एकच सुचलं. म्हटलं, "घरी नको. मला दवाखान्यात न्या."

याला ते लगेच तयार झाले. स्कूटरवर मी मुद्दाम गप्प बसले. डॉक्टरीणबाईंपुढे माझं मनगट पुन्हा धरून अण्णाच आधी बोलले. "मॅडम, परत सुरू झालंय हिचं. कुणीतरी पोरगा दिसालाय हिला."

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दिसत नाहीये तिला काही. असा गट खरंच आहे. मीच सांगितलं होतं तिला." आणि त्यांनी मुंबईला फोन लावला. अण्णा खुर्चीत बसले. त्यांनी मनगट सोडलं तेव्हा तिथे बोटं उठलेली होती. ती आम्ही दोघांनीही पाहिली.

पुढच्या सोमवारी समाजसेविकेचा निरोप आला होता. घरच्यांनी त्याला त्याच संध्याकाळी गाठलं होतं आणि तो दवाखान्यात होता. महिन्याभराने त्याने स्वतः एक ओळ लिहिली, 'गोळ्यांनी भूक लई लागते.'

पण त्या दिवसापासून अण्णा बाकावर बसेनात. खुर्ची घेऊन माझ्या शेजारी बसायचे. इंग्रजी अक्षरं जुळवत, ओठ हलवत, ते प्रत्येक मजकूर वाचायचे. कुणाचा त्रास वाचून "आरारा" म्हणायचे. त्यांना आता सगळ्या पोरांची काळजी लागली होती. आणि मला तिथे एक शब्द लिहिता येईना.

एकदा म्हणाले, "माझं एक टाइप कर की. बापानं काय करावं, इचार त्यास्नी."

मी टाइप केलं. आठवड्याने उत्तरं आली. बरीचशी लांबलचक होती. एका मुलीने मात्र तीनच शब्द लिहिले होते, 'थोडं लांब बसा.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि बाहेर स्कूटरपाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी पडदा ओढला. किती दिवस मनात साठलेलं होतं, पण बोटं कीबोर्डवर ठेवली तर काहीच सुचेना. पडद्याच्या फटीतून मी त्यांची पाठ बघत बसले.

त्यानंतरच्या सोमवारी ते पुन्हा आत आले. या वेळी खुर्ची हातभर लांब होती.